एक्केचाळीस पॉइंट दोन

६ जानेवारी २०२५, सोमवार

ही वही फक्त सॉफ्टवेअरसाठी आहे. कोणती आज्ञा दिली, काय चूक आली, ती कशी सुटली, एवढंच इथे लिहायचं ठरवलं आहे. माझं शिक्षण बारावीला दोनदा बसून थांबलं. इंग्रजीत आलेली चूक मला एका वाचनात कळत नाही, स्वतःच्या हाताने उतरवली की कळते.

उल्हासनगरला गोपसेठच्या जीन्सच्या कारखान्यात मी कॉम्प्युटरवर बसतो. मुंबईच्या नव्या पार्टीला, म्हणजे माल घेणाऱ्या कंपनीला, नुसती सरासरी चालत नाही. धुऊन आलेल्या प्रत्येक लॉटमधून साठ पँट काढायच्या, कंबर मोजायची आणि एक पँट म्हणजे एक ठिपका असा आलेख पाठवायचा. त्यासाठी फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. आज त्यावर पहिला आलेख निघाला. साठ आकडे दिले आणि पडद्यावर मोजून अकरा ठिपके आले.

गोपसेठ मागेच उभे होते. "बाकी की पँट किधर गयी, साईं? धोबी घालून बसला काय?"

सगळे हसले. जेवणाच्या सुट्टीत कळलं की आकडे सारखे असले की ठिपका ठिपक्यावर बरोबर बसतो आणि एकच दिसतो. 'स्टॅक' असं सांगावं लागतं, मग ते एकावर एक रचले जातात. रचल्यावर साठच्या साठ दिसले. मी दोनदा मोजले.

९ जानेवारी, गुरुवार

मोजणं आणि टाइप करणं एकट्याला जमत नाही. टेप खाली ठेवून कीबोर्डवर येईपर्यंत आकडा विसरतो की काय अशी भीती वाटते, मग परत मोजतो. गोपसेठ म्हणाले, "तेरी बायको आधी इकडेच होती ना, धागा कटिंगला? तिला बोलाव. घरात बसून काय करते?"

शलाका आधी इथेच होती. ऑगस्टमध्ये काम सोडलं. सप्टेंबरात, आठव्या महिन्यात, आमची मुलगी पोटातच गेली. त्यानंतर शलाका घरीच आहे. त्यावर इथे लिहिण्यासारखं काही नाही.

मी घरी विचारलं, येशील का. ती म्हणाली, "तू असशील ना तिथं?"

मी म्हणालो, "मी तर असतोच."

"मग येते."

१३ जानेवारी, सोमवार

पद्धत बसली. शलाका टेबलावर पँट सपाट टाकते, कंबरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टेप लावते, सेंटीमीटरमध्ये आकडा म्हणते. मी तोच आकडा मोठ्याने परत म्हणतो आणि टाइप करतो. "एक्केचाळीस पॉइंट दोन." "एक्केचाळीस पॉइंट दोन." परत म्हणायचा नियम माझा. ऐकण्यात चूक राहत नाही. नजर मात्र कीबोर्डवरून हलवायची नाही, हलली की बोट घसरतं.

दुपारी शिलाईवाल्या बायका आमची नक्कल करत होत्या. एक म्हणाली, "एक चहा." दुसरी म्हणाली, "एक चहा." शलाका हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. माझी ओळ चुकली म्हणून मी ती परत विचारून घेतली.

१६ जानेवारी, गुरुवार

आज 'जिटर' शिकलो. ठिपके रचण्याऐवजी सॉफ्टवेअर त्यांना आपल्या मनाने थोडं थोडं हलवतं, म्हणजे गर्दीत एकेक वेगळा दिसतो. आकडा बदलत नाही, फक्त वरखालीची जागा बदलते. तरी मला ते बरोबर वाटलं नाही. जो ठिपका जिथे नाही तिथे तो का दाखवायचा? पार्टीला स्टॅकच पाठवणार.

सरावासाठी सॉफ्टवेअरबरोबर तयार आकड्यांच्या काही फाइली येतात. घरी लॅपटॉपवर एक उघडली, तिचा आलेख फार सुबक आला. मधे उंच आणि दोन्हीकडे उतरता. शलाका चहा घेऊन मागे येऊन उभी राहिली.

"हे ठिपके कशाचे?"

मी म्हणालो, "बाळांच्या जन्माच्या वजनाचे. एक ठिपका म्हणजे एक बाळ."

ती बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं तिला आलेख समजतोय, म्हणून मी आडवी रेषा समजावून सांगितली. तिने डावीकडच्या टोकाला, सगळ्यांपासून लांब असलेल्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हे जगलं?"

"ते या फाईलमध्ये नाही."

ती आत गेली. चहा स्वतःचाही इथेच विसरली. जिटरची आज्ञा मागच्या पानावर लिहून ठेवली आहे.

२० जानेवारी, सोमवार

काल समोरच्या खोलीतल्या करिष्माच्या मुलाचं बोरन्हाण होतं. चाळीतल्या सगळ्या बायका गेल्या. बोरं, चुरमुरे, गोळ्या मुलाच्या डोक्यावरून ओतल्या, पोरांची लूट आमच्या दारापर्यंत आली. शलाकाला बोलावणं नव्हतं. मला वाटतं ते बरंच झालं, तिला रविवारी आराम मिळाला. ती दार लावून आत होती. आमच्या उंबऱ्यावर काही बोरं पडली होती, संध्याकाळी ती तिने झाडून एका वाटीत ठेवली. फेकायला सांगितलं तर फेकली नाहीत.

आज चाळीस नंबर लॉट केला. कामाचा वेग वाढला आहे. तासाभरात साठ पँट झाल्या.

२८ जानेवारी, मंगळवार

एक ठिपका पार उजवीकडे, एकाहत्तर पॉइंट दोनवर गेला. त्या एकामुळे बाकीचे एकोणसाठ डावीकडे कोंबले गेले आणि आलेखाचा आकारच बिघडला. एवढ्या कंबरेची पँट कारखान्यात नाही. चार ऐवजी सात दाबलं गेलं असणार, बोटाची चूक. एक्केचाळीस पॉइंट दोन करून टाकलं. शलाकाला विचारायची गरज पडली नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

चांगली बातमी. गेल्या तीन लॉटचे आलेख शेजारी शेजारी ठेवले. जानेवारीच्या सुरुवातीला ठिपके एकोणचाळीसपासून त्रेचाळीसपर्यंत पसरलेले होते. आता सगळे एक्केचाळीसच्या आसपास, सडपातळ आणि उंच, देवळाच्या कळसासारखे. म्हणजे शलाकाच्या हाताला शिस्त आली. टेप ती कमीजास्त ओढत नाही. मी गोपसेठना दाखवलं. ते म्हणाले, "वाह, सुंदर है. फ्रेम करके लगाऊँ क्या?"

घरी शलाकाला सांगितलं की हे सगळं तुझ्यामुळे. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तुला आवडला ना?"

"फार."

"बस मग."

तिची तब्येत उतरली आहे असं माझी आई, माई, फोनवर म्हणत होती. मला रोज बघून कळत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहितो.

पार्टीकडून विनीत सर आले. माझ्याच वयाचे असतील. माझा आलेख त्यांनी छापून आणला होता. गोपसेठने थम्सअप मागवलं. विनीत सर उभेच राहिले.

"हे कोणी मोजलं?"

मी म्हणालो, "आम्ही. मी आणि मिसेस."

"धुतलेलं डेनिम आहे हे. प्रत्येक पँट वेगळी आटते. इतकं एकसारखं असूच शकत नाही. तोच लॉट काढा."

लॉट पॅक झाला होता. फोडला. त्यांनी स्वतः टेप लावली आणि आकडे म्हणाले. सवयीने मी ते परत म्हणत गेलो. एकोणचाळीस पॉइंट सहा. बेचाळीस पॉइंट चार. चाळीस पॉइंट एक. त्रेचाळीस. दहा पँट झाल्यावर ते थांबले. शलाका खिडकीजवळ होती, तिच्या हातात घडी घातलेली पँट होती आणि ती परत परत तीच घडी घालत होती.

माल थांबवला. विनीत सर गेल्यावर गोपसेठ माझ्यावर ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "सुयोग, मैंने तुझपे आँख बंद करके भरोसा किया." ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी फाईल परत उघडली. आधी वाटलं की ठिपक्यांचा गट किती रुंद धरायचा तो आकडा, म्हणजे 'बिनविड्थ', मी चुकीचा दिला. तो बदलून पाहिला. मग वाटलं टेप ताणली गेली असेल. ती लोखंडी पट्टीला लावून पाहिली. टेप बरोबर होती.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काल संध्याकाळी घरी आल्यावर विचारलं. जसं बोललो तसं लिहितो.

मी म्हणालो, "मोजताना टेप घट्ट धरत होतीस की सैल?"

ती म्हणाली, "टेप खिशात होती."

"खिशात म्हणजे?"

"गुंडाळलेली. ड्रेसच्या खिशात. संक्रांतीनंतर मी ती उघडलीच नाही."

"मग आकडे?"

"तोंडात येईल तो. बहुतेक एक्केचाळीस पॉइंट दोन. तो तुला आवडायचा."

मला वाटलं ती थट्टा करते आहे. म्हणालो, "पण मी प्रत्येक आकडा परत म्हणत होतो."

"हो. म्हणत होतास." ती पंख्याकडे बघत होती. "आधी एकदाच चुकले. टेप हातात होती आणि डोळ्यांपुढे काही दिसेना. तसंच काहीतरी म्हणाले. तू ते म्हणालास. मग वाटलं, बघू किती दिवसांनी वर बघतोस. एकदा तर मुद्दाम एकाहत्तर म्हणाले, सुयोग. एकाहत्तर. माणसाची कंबर असते का तेवढी, अशी पसरलेली? तू म्हणालास, एकाहत्तर पॉइंट दोन, आणि टाइप केलंस."

मी तो ठिपका दुरुस्त केला होता, हे तिला सांगितलं. ती हसली, पण बायकांच्या नकलेच्या दिवशी हसली होती तशी नाही.

"हातभर अंतरावर बसायचे रे मी तुझ्या."

मी म्हणालो, गोपसेठला सांगू की चूक माझी होती. ती म्हणाली, गोपसेठचं राहू दे. मग तिने ते विचारलं, जे सप्टेंबरापासून तिने विचारलं नव्हतं.

"कुठं ठेवलीत तिला?"

मला जागा माहीत आहे. माझा मोठा भाऊ, दादा, आणि मी गेलो होतो, अंबरनाथला, दादाच्या घराकडची स्मशानभूमी. लहान बाळाला जाळत नाहीत, पुरतात. पण माईने तेव्हाच बजावलं होतं की आईला जागा दाखवायची नसते, जीव तिथे अडकतो आणि मग पुढचं मूल राहत नाही. मी माईला शब्द दिला आहे. तसं शलाकाला सांगितलं.

ती म्हणाली, "पुढचं." एवढंच. मग कुकर लावला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

शलाका सकाळी बदलापूरला आईकडे गेली. एक पिशवी नेली. मी विचारलं कधी येशील, म्हणजे किल्ली करिष्माकडे ठेवायची की नाही ते ठरवता येईल. ती म्हणाली, "ठेव."

१९ फेब्रुवारी, बुधवार

गोपसेठने काढलं नाही. पूर्ण लॉट परत मोजायला सांगितला. एकट्याने केलं. पँट टाकतो, टेप लावतो, आकडा म्हणतो, टाइप करतो. परत म्हणायला कोणी नाही, तरी तोंडातून दोनदाच येतो. शिलाईवाल्या बायका नक्कल करत नाहीत.

आलेख पसरट आला. दोन बाजूंना एकटेदुकटे ठिपके आहेत. विनीत सरांचा मेसेज आला, 'धिस इज रिअल.' मी उत्तरात 'थँक यू सर' लिहिलं, पाठवण्याआधी स्पेलिंग तपासलं.

दादाला फोन केला. दादा म्हणाला, "बायका आठ दिवस माहेरी राहिल्या की येतात सुतासारख्या सरळ. तू जाऊ नको, डोक्यावर बसेल." माई मागून म्हणाली, "नीट जेव."

२३ फेब्रुवारी, रविवार

तरीही बदलापूरला गेलो. बरोबर नवीन आलेख नेला. दुसरं काय न्यावं सुचेना. फळं नेली असती तर आजाऱ्याला नेल्यासारखं वाटलं असतं.

सासूबाईंनी दार उघडलं. "या सुयोगराव. बरं झालं आलात. माझ्याशीसुद्धा बोलत नाही हो ती. सकाळी उठते, गॅलरीत बसते. खाली पोरं सायकली खेळतात ती बघते."

शलाका गॅलरीतच होती. मी शेजारच्या स्टुलावर बसलो. बराच वेळ झाल्यावर ती म्हणाली, "काय आणलंस?"

मी कागद दिला. तिने तो मांडीवर ठेवून पाहिला.

"हा खरा आहे?"

"हो. एकट्याने मोजलं."

"किती पसरलाय."

"खरे असेच असतात," मी म्हणालो.

तिने कडेच्या एकाही ठिपक्याला हात लावला नाही, नुसती बघत राहिली. मग कागदाची घडी घालून मला परत दिली. म्हणाली, "मला जागा दाखव, सुयोग. माझ्याच्याने असं होत नाही. मी रस्त्याने चालते तर वाटतं, इथं असेल का, पायाखाली. प्रत्येक ठिकाणी वाटतं."

मी म्हणालो, "माईला..."

"माईला मी काही बोलत नाही. तुला विचारते."

सासूबाई आतून ऐकत होत्या. त्यांनी चहा आणला आणि कप ठेवताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझा एक गेलेला, हिच्या आधीचा. मला अजून माहीत नाही कुठं ते. यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही."

मी म्हणालो, पुढच्या रविवारी.

२ मार्च, रविवार

ती बदलापूरहून आली, मी उल्हासनगरहून. अंबरनाथ स्टेशनबाहेर भेटलो. तिने नवीन काही घातलं नव्हतं पण केस धुतले होते. चालत गेलो. फाटकावरचा माणूस विचारेल अशी मला काळजी होती, त्याने विचारलं नाही.

मागच्या भिंतीला लागून लहान मुलांची जागा आहे. पाण्याची टाकी, तिच्यापुढे नळ, नळापासून भिंतीकडे दादाची सहा पावलं, माझी सात. मी चालून दाखवलं. तिथे गवत वाढलं होतं आणि कोणाची तरी प्लॅस्टिकची बाटली पडली होती. मी ती उचलून कडेला ठेवली.

"इथे," मी म्हणालो.

ती खाली बसली. जरा वेळाने म्हणाली, "डोकं कुठं?"

"भिंतीकडे."

"कशात गुंडाळली होती?"

"पिवळ्या दुपट्यात. तुझ्या आईने शिवलेल्या."

"टोपी?"

"टोपी घरी राहिली होती."

"कोणासारखी होती?"

हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिला तेव्हा गुंगी होती आणि शुद्ध येईपर्यंत दादाने सगळं आवरलं होतं. मी म्हणालो, केस खूप होते. कपाळ तुझं. नाक इतकं लहान होतं की कोणाचं ते सांगता येत नाही. डाव्या कानाची पाळी दुमडलेली होती, मी ती सरळ केली तर परत दुमडली. इतकं मी सलग बोललो.

"तू हात लावलास तिला?"

"हो."

"मग हे मला का नाही सांगितलंस रे?"

मी म्हणालो, "तू विचारलं नाहीस."

तेव्हा ती रडली. जमिनीवर दोन्ही हात पालथे ठेवून, आवाज न दाबता. मी उभा होतो. माझ्या खिशात रुमाल होता, पण तो सकाळपासून वापरलेला होता, म्हणून दिला नाही. तिच्याजवळ बसावं असं वाटलं. पण ती नेमकी त्या जागेवर बसली होती आणि दुसऱ्या बाजूला कोणाचं बाळ असेल ते मला माहीत नव्हतं. पाय कुठे ठेवावा कळेना.

शेवटी तिने पदराने तोंड पुसलं आणि उठली. हाताची माती झटकली नाही.

बाहेर बदलापूरची शेअर रिक्षा उभी होती. मला वाटलं होतं ती स्टेशनला येईल, तिथून दोघांचे रस्ते ठरतील. पण ती सरळ रिक्षाकडे गेली. मागे एक म्हातारी आधीच बसलेली होती. शलाका तिच्या शेजारी बसली. ड्रायव्हर ओरडत होता, "चला एक सीट बदलापूर, एक सीट, एक सीट."

मी बाहेर उभा होतो. विचारलं, "पोचलीस की मेसेज करशील ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि म्हातारीच्या बाजूला सरकली. मला वाटलं कडेला वारा लागत असेल. तिला अडचण नको म्हणून मी दोन पावलं मागे झालो. म्हातारी म्हणाली, "अगं, किती सरकशील?" शलाका सरकलेलीच राहिली.

ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, थोडा थांबला. मग रिक्षा सुरू केली आणि ती एक सीट रिकामीच घेऊन गेला. असं ते सहसा करत नाहीत.